सिनेमा बघून झाला, आता चार ओळी लिहायच्या कशा?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली नाहीतर ताडपत्रीखाली ठेवलेल्या, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि मग मालवण, देवगड, रत्नागिरी, हर्णै कुठेही जा, वर्षभर बघायचं राहून गेलेलं सगळं याच दोन महिन्यांत बघून होतं. लाईट आहे तोवर टीव्हीवर, लाईट गेली की मोबाईलवर, तेही रेंज असली तर. मग एकमेकांना फोन सुरू होतात, अरे तो अमका बघितलास काय, कसा आहे रे, आणि समोरून उत्तर येतं "बरा आहे", "टाइमपास आहे", "एकदा बघायला हरकत नाही". विचारणाऱ्याला यातून काय कळलं? त्याला ठरवायचंय की आजची संध्याकाळ याला द्यायची का, सोबत आईला बसवायचं का, पोरं झोपल्यावर लावायचा का, आणि थिएटरात असेल तर तालुक्याच्या गावापर्यंत जायचा खर्च करायचा का. एवढं त्याला ठरवता येईल असं मत द्यायला समीक्षक असायची अजिबात गरज नाही, पाच-सहा ओळी पुरतात, फक्त त्या कुठल्या ते बघायला पाहिजे. मला हे सगळं मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे चांगला सिनेमा पोचतो तो जाहिरातीनं नाही, कोणीतरी कोणाला तरी नीट सांगितलं म्हणून पोचतो.

सगळ्यात आधी, कशावर आणि कसा बघितला ते लिहा. हे बहुतेक सगळे गाळतात आणि खरं तर अर्धं भांडण इथेच मिटतं. "तुंबाड" एकाने थिएटरात बघितला (२०१८ चा सिनेमा, सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला), दुसऱ्याने दुपारी पडवीत बसून मोबाईलवर बघितला, तर दोघांनी वेगळेच सिनेमे बघितलेत असं धरून चाला. त्यात अंधार इतका आहे आणि पाऊस इतका आहे की उजेडात पाच-सहा इंचाच्या स्क्रीनवर निम्मं दिसणारच नाही, मग "काही कळलंच नाही, बोअर आहे" हे मत त्या सिनेमाबद्दल नसून त्या दुपारबद्दल असतं. तसंच दीडपट स्पीडने बघितला असेल तर तेही सांगा, आणि तसं बघून "संथ आहे" किंवा "वेग चांगला आहे" यातलं काहीच लिहू नका. तीन रात्री तुकड्या-तुकड्यात बघितला, मध्ये पाहुणे आले, शेवटची वीस मिनिटं राहिलीत, सगळं चालतं, फक्त सांगून टाका. डब केलेला बघितला असेल तर अभिनयाबद्दल जपून बोला, कारण आवाज दुसऱ्याचाच असतो.

आणि थिएटरात कॅमेरा लावून चोरलेली प्रिंट बघितली असेल तर त्यावर मत देऊच नका. एक तर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने अशा कॉप्या करणाऱ्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड आहे, आणि दुसरं म्हणजे डोकी आडवी गेलेल्या, आवाज घुमणाऱ्या त्या कॉपीवरून छायाचित्रण आणि साउंडबद्दल बोलणं त्या लोकांवर अन्याय आहे ज्यांनी त्या एकेका आवाजावर महिनोन्महिने काम केलंय.

आता मुख्य गोष्ट, एक प्रसंग निवडा. एकच. बाजारात मासा ताजा आहे असं नुसतं म्हणणाऱ्या बाईकडून कोणी घेत नाही, ती कल्ला उचलून लाल दाखवते तेव्हा घेतात, तसं तुमच्या मताचा कल्ला म्हणजे हा प्रसंग. "फोटोग्राफी अप्रतिम, अभिनय दमदार, कथा थोडी ताणली" हे वाक्य कुठल्याही सिनेमाला लावता येतं, म्हणजे ते कुठल्याच सिनेमाबद्दल नाही.

उदाहरण म्हणून "किल्ला" घेते, २०१५ ला थिएटरात आला, त्याआधी २०१४ ला बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिला होता. वडील गेलेला मुलगा, आईची सरकारी नोकरीत कोकणात बदली, नवीन शाळा, नवीन पोरं. त्यात पोरं सायकली हाणत किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि हा नवीन आलेला चिन्मय आत एकटा पडतो. आता या प्रसंगाबद्दल "काय सुंदर पाऊस टिपलाय" असं लिहिता येतं, आणि बरेच जण तसंच लिहितात, पण जरा थांबून विचार करा की तुम्हाला तिथे नक्की काय झालं. मला काय झालं ते सांगते. त्या पावसाची भीती वाटली. आपल्याला पाऊस लहानपणापासून पाठ असतो, कौलांवरचा वेगळा, माडांवरचा वेगळा, चिऱ्याच्या भिंतीवरून उतरतो तो वेगळा, आणि तोच ओळखीचा पाऊस तिथे अनोळखी वाटतो कारण तो त्या पुण्याहून आलेल्या पोराला जसा वाटेल तसा दाखवलाय. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच कॅमेरामन आहे, त्यामुळे कुठून बघायचं हे ठरवणारा आणि कॅमेरा धरणारा माणूस एकच, आणि मला वाटतं ते त्या प्रसंगात कळतं. हे झालं मत. यात सिनेमा कशाबद्दल आहे ते आलं, मला काय झालं ते आलं, कशामुळे झालं ते पण आलं, आणि वाचणाऱ्याला पटलं नाही तरी त्याला नाही म्हणायला काहीतरी हातात मिळालं.

प्रसंग कसा शोधायचा हा प्रश्न येईलच. बघताना वही घेऊन बसायची गरज नाही, उलट नकोच, वहीत बघत राहिलात तर पडद्यावरचं जातं. सिनेमा संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा टाकताना, नळाला पाणी आलंय म्हणून भांडी भरताना, जे आपोआप डोळ्यासमोर येतं ते घ्या. रात्री खूप भारी वाटलेला क्लायमॅक्स सकाळी आठवत नाही आणि कुठलातरी साधा जेवणाचा सीन आठवतो असं खूपदा होतं, मग त्या जेवणाच्या सीनबद्दलच लिहा. म्हणून माझं म्हणणं, रात्रीच्या रात्री मत पाठवू नका, एक झोप जाऊ द्या.

किती सांगायचं आणि काय नाही यावर आमच्याकडे खरोखरची भांडणं झालेली आहेत. नियम माझ्या मते सोपा आहे, पहिल्या पाव भागात जे कळतं ते सांगायला हरकत नाही, त्यानंतरचं सांगायचं असेल तर आधी विचारा. "श्वास" चं बघा, कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात डॉक्टरकडे येतात आणि मुलाच्या डोळ्याला कॅन्सर आहे असं कळतं, हे सांगितल्याशिवाय त्या सिनेमाबद्दल बोलताच येणार नाही आणि सांगितल्याने काही बिघडत नाही. पण पुढे आजोबा काय करतात ते सांगू नका. वीस वर्षं झाली म्हणून काय झालं, आज सोळा-सतरा वर्षांची असलेली पोरं तो पहिल्यांदाच बघणार आहेत. आणि "शेवटी एक ट्विस्ट आहे हा, सांगत नाही" हेही सांगू नका, कारण मग माणूस सिनेमा सोडून ट्विस्टच शोधत बसतो.

लहान मुलांचं वेगळं सांगा. आता सर्टिफिकेटमध्ये यूए ७+, १३+, १६+ असे भाग आलेत, त्यातलं कुठलं आहे ते लिहा, आणि त्याच्यापुढे तुमचं स्वतःचं एक वाक्य. रक्त आहे का, भूत आहे का, शिव्या आहेत का, जनावराला मारताना दाखवलंय का. "मुंज्या" विनोदी आहे म्हणून आठ वर्षांच्या पोराला घेऊन बसलात आणि मग रात्री ते पोर पिंपळाखालच्या पाणंदीतून जायला तयार नाही, तर ज्याने "मजा आहे, सगळ्यांनी बघा" सांगितलं त्याच्यावर तुम्ही चिडणारच.

आता आपल्याकडे असलेली एक गोष्ट जी मुंबई-पुण्याच्या समीक्षकाकडे सहसा नसते. समुद्र. कुठल्याही सिनेमात होडी आली, जाळं आलं, मासळीचा लिलाव आला की आपल्यातले जुने लोक लगेच बोलायला लागतात. आमच्या शेजारचे एक तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य, आहेत, आता समुद्रात जात नाहीत, टीव्हीसमोर बसलेले असताना एका सिनेमात हिरो ऐटीत जाळं फेकत होता तर म्हणाले, "असा जाळा टाकतत काय रे? वारो खंयसून येता ता तरी बघ आधी!" हे एक वाक्य पानभर समीक्षेपेक्षा जास्त सांगतं, आणि असं काही तुमच्या घरात कोणी बोललं तर ते जसंच्या तसं लिहा, प्रमाण मराठीत करू नका. भाषेचंही तसंच. पडद्यावरचा कोकणी माणूस बऱ्याच वेळा अशी एक सरसकट गावरान भाषा बोलतो जी ना संगमेश्वरी असते ना मालवणी ना रायगडकडची आगरी. हे आपल्यालाच ऐकू येतं, म्हणून आपणच सांगायला पाहिजे, कुठल्या पात्राची भाषा जमलीय आणि कुठल्याची नाही, आणि नुसतं "भाषा चुकलीय" न म्हणता एखादं वाक्य देऊन, की आमच्याकडे हे असं म्हणतात.

पण याची एक दुसरी बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सिनेमा कशाबद्दल आहे ते न बघता फक्त आपल्या माहितीच्या फुटपट्टीने मोजला की अन्याय होतो. "कासव" ला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा सिनेमा. (श्यामची आई, श्वास आणि कासव, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या मराठी सिनेमांतले हे तीन कोकणच्या मातीतले, हे मला नेहमी अभिमानाने सांगावंसं वाटतं.) तर कासव बघून आलेले काही जण म्हणाले, कासवं कुठे फारशी दाखवलीत. अरे पण तो सिनेमा ऑलिव्ह रिडलीवरची डॉक्युमेंट्री नाहीच. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते, पुढे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात आणि पाण्याकडे निघतात, हे वेळास-आंजर्ल्याच्या लोकांना नवीन नाही. सिनेमा आहे तो डिप्रेशनमधल्या एका मुलाबद्दल आणि त्याला काही न विचारता आपल्या घरात जागा देणाऱ्या बाईबद्दल, आणि कासव तिथे कशासाठी आहे हे ज्याचं त्याने बघायचं. त्यामुळे मत देताना आधी स्वतःला विचारा, हा सिनेमा काय करायला निघालाय? ते त्याला जमलं का? आणि मग, ते करण्यासारखं होतं का? तिन्हीची उत्तरं वेगळी असू शकतात. आणि कासवबद्दल कोणाला सांगत असाल तर त्यात आत्महत्येचा विषय येतो हे आधी सांगा, ज्याच्या घरात कोणी त्या अवस्थेतून जातंय त्याने तयारीने बघितलेला बरा.

आता डॉक्युमेंट्री. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण आपल्याकडे अजून असं समजतात की डॉक्युमेंट्री म्हणजे खरं, आणि खरं आहे म्हणजे त्यावर मत काय द्यायचं. जुन्या लोकांना थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी लागणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आठवत असतील, धरण, शेती, लसीकरण, एकच भारदस्त आवाज, तिथून ही सवय लागली असावी. पण डॉक्युमेंट्री पण कोणीतरी बनवलेली असते, कॅमेरा कुठे लावायचा ते कोणीतरी ठरवलेलं असतं, शेकडो तासांतून दीड तास कोणीतरी काढलेला असतो.

हे किती जुनं आहे बघा. १९२२ चा "नानूक ऑफ द नॉर्थ", रॉबर्ट फ्लाहर्टीचा, बर्फातल्या इनुइट माणसाबद्दल, लांबीच्या डॉक्युमेंट्रीची सुरुवात म्हणून ज्याचं नाव घेतात. त्यातल्या माणसाचं खरं नाव नानूक नव्हतंच. इग्लूच्या आत शूटिंगला उजेड पुरेना म्हणून अर्धाच इग्लू बांधला. ते लोक तेव्हा शिकारीला बंदूक वापरत होते पण सिनेमात भाले दाखवले. मग त्याच फ्लाहर्टीने १९३४ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर "मॅन ऑफ अरान" केला, त्यात बेटावरचे लोक छोट्या होडीतून प्रचंड शार्कची शिकार करतात, समुद्र खवळलेला, बघताना छातीत धडधडतं. पण ती शिकार त्या लोकांनी कितीतरी वर्षांपूर्वी सोडलेली होती, सिनेमासाठी त्यांना ती परत शिकवावी लागली, आणि त्यात दाखवलेलं आई-बाप-मुलाचं कुटुंबसुद्धा निवडून जमवलेलं. आपल्या किनाऱ्यावर उद्या कोणी आलं आणि म्हणालं की तुमच्या आजोबांच्या वेळची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती तशी ओढून दाखवा, आणि मग जगाला सांगितलं की हे लोक आजही असेच जगतात, तर आपल्याला कसं वाटेल? मला तरी राग येईल. आणि तरीही त्या सिनेमातला समुद्र थरारक आहे, हेही खरं. दोन्ही लिहा.

म्हणून डॉक्युमेंट्री बघितली की पहिला प्रश्न, कॅमेरा तिथे कसा आला? "माय ऑक्टोपस टीचर" घ्या, २०२० ची, २०२१ ला ऑस्कर मिळालं. दक्षिण आफ्रिकेतला क्रेग फॉस्टर ऑक्सिजनची टाकी न लावता, वेटसूट न घालता, थंडगार पाण्यात रोज उतरतो आणि एका ऑक्टोपसशी त्याची ओळख वाढत जाते. म्हाकुळ, म्हणजे ऑक्टोपसचाच भाऊबंद, आवडीने खाणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ती बघताना एक वेगळीच अस्वस्थता येते, ती लिहा, लाजू नका. पण हाही प्रश्न विचारा की तो एकटाच रोज जायचा तर तो स्वतः पोहताना दिसतो ते कोण शूट करत होतं? पाण्याखाली त्याचं शूटिंग करायला दुसरे कॅमेरामन होते, त्यात रॉजर हॉरॉक्सचं नाव आहे. यामुळे डॉक्युमेंट्री खोटी होत नाही, पण एकटेपणाची जी भावना तुमच्या मनात तयार झाली ती एडिटिंग टेबलावर पण घडलीय एवढं लक्षात राहतं. श्रेयनामावली म्हणूनच शेवटपर्यंत बघा. ओटीटीवर पुढचं काहीतरी लगेच सुरू होतं, ते थांबवा.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. "सीस्पिरसी" २०२१ ला आली तेव्हा आमच्या बंदरावर पण तिची चर्चा होती, कारण ती थेट मासेमारीवरच आहे. त्यात एक गोष्ट अशी येते की २०४८ पर्यंत समुद्र जवळजवळ रिकामे होतील. हा आकडा आला २००६ च्या एका शोधनिबंधातून, बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांच्या, आणि याच वर्मनी २००९ मध्ये आधी ज्यांच्याशी मतभेद होते त्या रे हिल्बर्नसोबत दुसरा निबंध काढला, त्यात जिथे नीट नियंत्रण ठेवलं तिथे माशांचे साठे सावरू शकतात असं दिसलं. डॉक्युमेंट्री बघून घाबरलेल्या माणसाला हे कळायला नको का? तसाच ४६ टक्क्यांचा आकडा, पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या मोठ्या पट्ट्यातला वजनाने ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा. आकडा खरा आहे, २०१८ च्या अभ्यासातला, पण तो त्या एका पट्ट्याबद्दल आहे, सगळ्या समुद्रांतल्या सगळ्या प्लास्टिकबद्दल नाही, आणि ऐकणारे सर्रास तसं धरतात. तेव्हा आकडा ऐकलात की "कशाचे इतके टक्के?" हे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शोधा. आणि हेही लिहा की तुटलेल्या जाळ्यात अडकून किनाऱ्याला लागलेलं कासव आपण स्वतः बघितलंय, म्हणजे मूळ प्रश्न खोटा नाहीये. मला ती डॉक्युमेंट्री घाईची वाटली, विषय फार मोठा आणि पुरावा भरभर दाखवून पुढे जायची पद्धत, पण तिच्यामुळे जेट्टीवर लोक बोलले हे मी तिच्या बाजूने धरते.

तिसरा प्रश्न, बोलतंय कोण? ज्यांच्याबद्दल आहे ते बोलतात का त्यांच्याबद्दल दुसरेच बोलतात? इथे मला सर्वनिक कौरची "अगेन्स्ट द टाइड" सांगायचीच आहे, २०२३ ची, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला. मुंबईचे दोन कोळी मित्र, राकेश आणि गणेश. एक वडिलांच्या होडीने किनाऱ्याजवळ जुन्या पद्धतीने मासे धरतो, दुसरा बाहेर शिकून आलेला, खोल समुद्रात मोठी बोट, मोठं कर्ज, आणि एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करायचा मोह. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली तरी आपल्या किनाऱ्यावर हा वाद किती कडवट आहे हे मालवण-रत्नागिरीच्या माणसाला सांगायला नको, भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आणि म्हणूनच ही डॉक्युमेंट्री बघून मत देताना आपल्याला जास्त कष्ट पडतात, कारण आपण आधीच एका बाजूला उभे असतो. तर पहिल्या ओळीतच सांगा, आमच्या घरी पारंपरिक मासेमारी, किंवा आमची पर्ससीन (मासळीला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची बोट) आहे, मग पुढे लिहा. मला स्वतःला तिच्यात आवडलं ते असं की गणेशला खलनायक केलेलं नाही, त्याचं कर्ज, त्याची घुसमट, सगळं तुमच्यासमोर ठेवलंय, आणि दोघं मित्र समोरासमोर बसून बोलतात तेव्हा आपण कोणाच्या बाजूने आहोत हे दर दोन मिनिटांनी बदलत राहतं.

संगीताकडेही कान ठेवा. प्राण्यांच्या डॉक्युमेंट्रीत खेकड्याच्या पायांचा आवाज, पंखांची फडफड, हे बरंचसं नंतर स्टुडिओत तयार केलेलं असतं कारण लांबच्या लेन्सने शूटिंग करताना तो आवाज मिळतच नाही. एखादा भावुक तुकडा आला की आवाज बंद करून परत एकदा बघा, तरीही गळा दाटला तर ते दृश्याचं बळ, नाहीतर व्हायोलिनचं.

हे सगळं एकत्र कसं दिसतं ते एक नमुना देऊन दाखवते, कासवबद्दलच. आधी नेहमीचं: "कासव बघितला, छान आहे, थोडा स्लो आहे पण मेसेज चांगला, इरावती हर्षेचा अभिनय मस्त, नक्की बघा." आता हे: "कासव घरी टीव्हीवर रात्री बघितला, एका बैठकीत. मनाने पार खचलेल्या एका मुलाला एक बाई आपल्या घरी आणते आणि त्याला नाव-गावसुद्धा लगेच विचारत नाही. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी कुठल्या वाडीतले, कोणाचे कोण हे विचारतात, त्यामुळे तिचं ते न विचारणं मला आधी विचित्र वाटलं आणि नंतर तेच सगळ्यात जास्त आवडलं. समुद्र भरपूर आहे पण टुरिस्टला दाखवतात तसा नाही. फार काही घडत नाही, घटना लागत असतील तर कंटाळाल. आत्महत्येचा विषय आहे, मुलांसोबत नको, पण कॉलेजातल्या पोराच्या आई-बापाने जरूर बघावा." एवढंच. आवडलं का ते कळलं, कोणाला आवडणार नाही ते पण कळलं. "घटना लागत असतील तर कंटाळाल" हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आपली आवड आणि दुसऱ्याची आवड वेगळी असू शकते हे त्यात मान्य आहे.

न आवडलेल्याबद्दल लिहिताना तर अजून नेमकं व्हा. "भंगार" लिहून टाकलंत की बोलणंच संपतं. कुठे मन उडालं ते सांगा, गाण्यामुळे, खोट्या मेकअपमुळे, कोकणातल्या गरीब घरात कधी नसतं असं माजघर दाखवल्यामुळे. नटाच्या दिसण्यावर, जातीवर, वयावर घसरू नका, त्याने काय केलं त्यावर बोला. पाचपैकी तारे द्यायचे असतील तर द्या, मी देत नाही, कारण साडेतीन म्हणजे काय ते दोन माणसांचं कधीच सारखं नसतं. पुरस्कारांची यादी एका ओळीत संपवा. आणि काका-मामांना आवडलेला सिनेमा तुम्हाला आवडला नसेल तर घरातल्या ग्रुपवर त्याला जाहीर न झोडता खळ्यात बसून बोला, वाद जास्त चांगला होतो आणि चहा पण मिळतो.

सुरुवात करायची असेल तर छोट्यापासून करा. "द एलिफंट व्हिस्परर्स" चाळीसएक मिनिटांची आहे, मुदुमलाईचे बोम्मन आणि बेल्ली आणि त्यांनी वाढवलेलं हत्तीचं पिल्लू, कार्तिकी गोन्साल्विसची, २०२३ ला ऑस्कर मिळालेली. जेवण होईपर्यंत बघून होते, त्यावर चार ओळी लिहून बघा. सिंधुदुर्गातल्या मंडळींना तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळच आहे, २००४ पासून गोव्यातच भरतोय, सावंतवाडी-बांद्याहून सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. आधी नोंदणी करावी लागते तेवढं बघा, आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त सिनेमे घेऊ नका, चौथ्याबद्दल काही लिहिता येत नाही, सगळे एकमेकांत मिसळतात.

आणि एक घाईची गोष्ट, मघाशी म्हटलं एक झोप जाऊ द्या, पण थिएटरातल्या मराठी सिनेमाला एकापेक्षा जास्त झोपा परवडत नाहीत. शुक्रवारी लागतो, शो असतो एखादा, तोही अडनिड्या वेळेला, आणि गर्दी नाही म्हटलं की पुढच्या शुक्रवारी उतरतो. तुम्ही पुढच्या बुधवारी लिहिलंत की फार चांगला आहे, तर त्याचा उपयोग कोणाला? शुक्रवारी बघितलात तर शनिवारी दुपारपर्यंत पाठवा, भले तीनच ओळी असू देत, आणि सोबत थिएटर कुठलं, शो किती वाजता, सुटतो किती वाजता आणि त्यानंतर गावाकडे जाणारी शेवटची एसटी मिळते का ते नक्की लिहा, कारण वाडीतल्या चार बायकांनी मिळून जायचं ठरवलं तर त्या आधी तेच विचारणार आहेत.